वांटलेलें घर

चिंचवड येथील देवांचा वाडा पाहावयास १८०९ सालच्या अखेरीस मरिया ग्रॅहॅम नांवाची एक इंग्रज विदुषी आली होती. हिंदुस्थानांतील आपल्या रोजनिशींत तिनें या वाड्याविषयीं जें लिहून ठेविलें आहे, तें मराठी वाचकांस रुचणारें नाहीं. मोरया गोसाव्यांच्या गादीवरील ज्या मुलास लोक देवाचा अंश मानीत, तो तिला एका साध्याशा ओसरीवर, लांकडी बैठकीवर बसलेला दिसला. आणि त्याचें घर म्हणजे नदीकांठचा एक अवाढव्य परंतु कसलेंहि सौष्ठव नसलेला इमारतींचा समुदाय, असा तिचा अभिप्राय पडला. ही बाई अडाणी प्रवासी नव्हती. पूसँ या फ्रेंच चित्रकाराचें चरित्र पुढें १८२० सालीं लिहून तिनें कलाविषयक लेखनांत नांव मिळविलें. तेव्हां तिच्या अभिप्रायास केवळ परकीयांचा कुत्सितपणा म्हणून झटकून टाकतां येत नाहीं. शिकलेल्या डोळ्यालाहि एकादी वास्तु दिसूं नये, याचें कांहीं कारण असलें पाहिजे, आणि तें शोधणें हें टीकाकाराचें काम आहे.

कारण असें दिसतें कीं, बाईंच्या देशांतील घर हें बाहेरून पाहावयाचें घर होतें. दुतर्फा झाडी असलेल्या वाटेनें गाडी चाललेली आहे, दुरून खिडक्यांच्या सम ओळी दिसत आहेत, मधोमध खांबांची देवडी आणि तीवर त्रिकोणी माथा आहे. घराचा मालक कोण व केवढा, हें पाहुण्यास उंबऱ्याच्या शंभर पावलें अलीकडेच समजावें, अशी ती योजना. आपला वाडा रस्त्याकडे जवळजवळ पाठ करून बसतो. खालीं काळ्या दगडाचें जोतें, वर विटांची जाड भिंत, तींत उंचावर दोनचार लहान खिडक्या, आणि मोठ्या दरवाजाच्या पोटांत एक दिंडी, जींतून आंत जावयाचें तर मान लववावी लागते. देवडींत पाऊल टाकल्यावरहि आंतील कांहीं दिसत नाहीं; एक वळण घ्यावें लागतें. मग एकदम चौक, चहूं बाजूंचे सोपे, मध्यें तुळशीवृंदावन आणि वर आभाळाचा चौकोनी तुकडा. वाड्याचें दर्शनी अंग त्याच्या पोटांत आहे. ग्रॅहॅमबाईंस चौकांत शेण कालवणारीं माणसें दिसलीं, आणि त्याच वर्णनांत वाडा घाणेरडा दिसल्याचेंहि त्या सांगतात. सारवणें हीच त्या घरची सफाई होती, हें त्यांस कोणीं सांगितलें नसावें.

या जुन्या प्रसंगाचें स्मरण होण्यास आजचें निमित्त आहे. चिंचवड गांवच्या गल्ल्यांतून अलीकडे हिंडतांना असें आढळतें कीं, जुन्या वाड्यांच्या जागीं चारपांच मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांतील कित्येकींच्या फाटकावर 'वाडा' हाच शब्द संगमरवरी पाटीवर कोरलेला आहे. पुण्याच्या पेठांत हा प्रकार आणखी जुना. एका कुटुंबासाठीं बांधलेलें घर अनेक कुटुंबांनीं वांटून घेतलें, म्हणजे त्या घराच्या वास्तुकलेचें काय होतें, हा प्रश्न आपल्याकडे फार थोड्या लोकांनीं विचारला आहे. वाड्यासाठीं अश्रु ढाळणारें वाङ्मय आपल्याजवळ आहे. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'नें विदर्भांतील देशपांड्यांचा ढासळता वाडा रंगभूमीवर आणला. चाळीसाठीं हंसणारें वाङ्मयहि आहे, पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालीं पुस्तकरूपानें आली आणि चाळीची दैना विनोदाला लाभली. परंतु वाडा हळूहळू चाळ कसा झाला, आणि चाळीचा पुढें फ्लॅट कसा झाला, ही मधली पायरी वाङ्मयानेंहि ओलांडली आणि वास्तुशास्त्रानेंहि.

शब्दांपासूनच आरंभ केला तर बरें. 'वाडा' हा संस्कृत 'वाट' शब्दाचा वंशज. कुंपण घालून वेगळी केलेली जागा, असा त्याचा मूळ अर्थ. 'फ्लॅट' हा शब्द स्कॉटलंडांतील जुन्या 'फ्लेट'पासून निघाला, आणि त्याचा अर्थ घराची जमीन किंवा मजला. एका शब्दाच्या मनांत भोंवतालची भिंत आहे, दुसऱ्याच्या मनांत पायांखालची फरशी. आपल्या वडील पिढीनें फ्लॅट न म्हणतां 'ब्लॉक' म्हटलें. त्या शब्दांत घर या कल्पनेचा मागमूसहि नाहीं. तरी लोक मोठ्या अभिमानानें 'आम्हीं ब्लॉक घेतला' असें सांगत.

आतां वाड्याची रचना पाहूं. या प्रांतांतील वाडा हें खरोखर लांकडाचें घर आहे. दगड व वीट हे त्याचे अंगरखे. दगडी तळखड्यावर सागाचा खांब उभा राहतो, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, आणि कड्यांवर तक्तपोशी. वरचा सगळा भार हा सांगाडा पुष्कळ अंशीं आपल्या अंगावर घेतो; मधल्या भिंती नुसता आडोसा करितात. दोन खांबांमधील अंतरास 'खण' म्हणतात, आणि खण हेंच वाड्याचें माप. दिवाणखाना पांच खणी असतो, माजघर तीन खणी असतें, आणि जागा भाड्यानें घेणाराहि पूर्वी 'दोन खण मिळतील का' असेंच विचारीत असे. एका खणांत एक माणूस सुखानें आडवा होतो. मापाचा उगम तेथेंच असावा असें वाटतें. कोणीहि सुतार कागदावर रेघ न ओढतां घराचा विस्तार तोंडानें सांगूं शकत होता, कारण एक खण कळला म्हणजे सारें घर कळलें.

या मापाचा परिणाम फार दूरवर जातो. खण हा खोली नव्हे. त्याला भिंत घातली तर खोली होते, भिंत काढली तर पुन्हां सोपा होतो. शिवाय आपल्या घरांत जागेचा उपयोग तासागणिक बदलत असे. माजघरांत सकाळीं निवडण-टिपण, दुपारीं पंगत, रात्रीं अंथरुणें. ओटीवर सकाळीं हिशेब, संध्याकाळीं पाढे व परवचा. पलंग, जेवणाचें मेज, खुर्च्या असें जड सामान नसल्यामुळें खणाला कोणताहि धंदा कायमचा चिकटत नसे. कोनाडे आणि खुंट्या एवढ्यावर संसार भागे. देवघर, कोठी आणि बाळंतिणीची खोली एवढींच स्थळें नेमलेलीं. बाकी घर मोकळें.

उलट इंग्रजी घराची प्रत्येक खोली जन्मतःच नांव घेऊन येते. भोजनाची खोली, बैठकीची खोली, पुस्तकांची खोली, आणि प्रत्येकीची उंची, चुलाण्याची जागा, छताच्या कडेची नक्षी त्या नांवाला अनुसरून. अशा बैठकीच्या खोलीचे दोन भाग करावयाचे ठरविलें, कीं मधली नवी भिंत छताच्या नक्षीस मधोमध चिरते. उंच खिडकीचा अर्धा भाग एका भाडेकऱ्याकडे व अर्धा दुसऱ्याकडे जातो, आणि चुलाणें कोणाच्या तरी कोपऱ्यांत विद्रूप होऊन बसतें. विसाव्या शतकांत इंग्लंडांतील शेंकडों जुनीं घरें पाडलीं गेलीं. १९७४ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयानें या विध्वंसाचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां लोकांस त्याची मोजदाद कळली. त्यानंतर किट मार्टिन नांवाच्या वास्तुविशारदानें अशीं कांहीं मोडकळीस आलेलीं घरें विकत घेऊन वांटलीं व वांचविलीं. त्याची युक्ति सांगण्यासारखी आहे. मजल्यामागून मजला अशी आडवी वांटणी टाळून त्यानें शक्य तेथें घर उभें वांटलें. प्रत्येक हिश्श्यास स्वतःचें दार, स्वतःचा जिना आणि जमिनीपासून छपरापर्यंतचा एक उभा काप. मोठ्या खोल्या त्यानें चिरल्या नाहींत. ज्याच्या वांट्यास आल्या, त्याच्याकडे त्या अखंड ठेविल्या.

परंतु या सर्वांहून जुनें आणि शिकण्यासारखें उदाहरण लंडन शहरांतच आहे. पिकॅडिली रस्त्यावरील 'ऑल्बनी' हें घर सर विल्यम चेंबर्स यानें लॉर्ड मेलबर्नसाठीं १७७१ ते १७७६ या वर्षांत बांधलें. पुढें तें राजपुत्र फ्रेडरिक, ड्यूक ऑफ यॉर्क अँड ऑल्बनी, याच्याकडे आलें. त्यावरूनच हें नांव. १८०२ सालीं ड्यूकनें तें सोडलें आणि हेन्री हॉलंड या वास्तुविशारदानें त्याचीं एकोणसत्तर बिऱ्हाडें केलीं. मूळ घराचें दर्शनी अंग व पुढचें अंगण त्यानें जसेंच्या तसें ठेविलें. मागें जी मोठी बाग होती तींत दोन लांब समांतर इमारती बांधल्या आणि त्यांमधून छपराखालून जाणारी एक लांब वाट काढली. या घरांत बायरन राहिला, ग्लॅडस्टन राहिला. आणि आपल्या शिक्षणाचें वळण १८३५ च्या टिपणानें ठरविणारा मेकॉले १८४१ पासून १८५६ पर्यंत येथेंच राहिला. त्याच्या इंग्लंडच्या इतिहासाचा मोठा भाग एका वांटलेल्या घराच्या दोनतीन खोल्यांत लिहिला गेला, याची आपल्या महाविद्यालयांतून तो इतिहास पढलेल्या पिढ्यांस कल्पना नसावी. दोनशें वर्षांहून अधिक काळ हें घर वांटलेलें आहे, आणि आजहि तें एक घर दिसतें. हॉलंडनें जें सामाईक होतें त्यास हात लावला नाहीं, आणि नवी दाटी मागच्या मोकळ्या जागेंत नेली. मात्र हीं बिऱ्हाडें अविवाहित पुरुषांसाठींच योजिलेलीं होतीं, हेंहि विसरून चालणार नाहीं. ज्या घरांत मूल रडत नाहीं आणि पापड वाळत घालावयाचे नसतात, तें घर वांटणें सोपें.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. वांटणीस इंग्रजी घराहून आपला वाडाच अधिक योग्य. वाडा मुळांतच अनेकांचा होता. चार भावांचे चार संसार, विधवा आत्या, शिकावयास आलेला भाचा, कारकून, आश्रित, पुजारी. पंगतीला किती पानें, याचा नक्की आंकडा घरधन्यासहि सांगतां येत नसे. चिंचवडच्या देवांच्या वाड्यास तर अन्नछत्राची व यात्रेची भर होती. भाद्रपदांत आणि माघांत मंगलमूर्तीची पालखी मोरगांवास निघते, तेव्हां आजहि ती वास्तु घरापेक्षां एकाद्या मुक्कामासारखी भासते. अशा घरांत खणांमधून लांकडी फळ्या मारून परका भाडेकरी आला, तर रचनेला धक्का बसत नाहीं. चौक सामाईक होता तो सामाईकच राहतो. पेशवाई १८१८ सालीं गेल्यावर पुण्याच्या वाड्यांनीं हेंच सिद्ध केलें. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा भरली, आणि पुढें नगरपालिकेच्या कचेऱ्याहि तेथें मांडल्या. १८७९ च्या आगींतून जें उरलें त्यानें हे सारे भाडेकरी पोसले. खाजगी वाड्यांत शाळामास्तर, कारकून आणि विद्यार्थी यांचीं बिऱ्हाडें आलीं.

चिंचवड-पिंपरीस हें बिऱ्हाड उशिरां आलें, पण आलें तें पुराच्या लोंढ्यासारखें. पिंपरीस सरकारी प्रतिजैविकांचा कारखाना १९५४ सालीं उभा राहिला. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ त स्थापन झालें. मोटारींचे व दुचाक्यांचे कारखाने पाठोपाठ आले. १९७० सालीं नगरपालिका आणि १९८२ त महानगरपालिका झाली. लातूर, उस्मानाबाद, सातारा, खानदेश येथून पोटासाठीं आलेल्या तरुणाला प्रथम जी जागा मिळाली, ती पुष्कळदां एकाद्या जुन्या घराच्या पडवींतले दोन खण हीच होती. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याचें वेळापत्रक त्या घरांत शिरलें. जेथें दिंडी रात्रीं नऊला बंद होत असे, तेथें मध्यरात्रीं दुसऱ्या पाळीचा माणूस कडी वाजवूं लागला. आपल्या वाङ्मयांत या माणसाची गोष्ट अजून यावयाची आहे.

मग वाडा वांटणीनें मेला नाहीं, तर कशानें मेला? पुण्यापुरतें बोलावयाचें तर दोन कारणें स्पष्ट आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्यानें प्रमाण भाडें म्हणून सामान्यतः १ सप्टेंबर १९४० चें भाडें धरिलें. भाडेकऱ्यास त्या काळीं या आधाराची गरज होती, यांत शंका नाहीं. परंतु सागाचा खांब दहा वर्षांनीं तेल मागतो, कौलें दर पावसाळ्यापूर्वीं शाकारावीं लागतात, आणि गोठलेल्या भाड्यांत कौलांचा खर्चहि निघत नसे. मालकानें दुरुस्ती सोडली. आणि भाडेकरी आपलें नसलेलें घर कशास दुरुस्त करील? दुसरें कारण १२ जुलै १९६१ चें. पानशेतच्या पुरानें नदीकांठच्या पेठांतील मातीच्या भिंती विरघळविल्या. पुढें १९६३ च्या कायद्यानें मालकीच्या सदनिकांचा व्यवहार नियमांत बसविला आणि पडक्या वाड्याखालची जमीन वाड्याहून मोलाची झाली. वाड्याला वाळवी लागली ती लांकडास लागण्यापूर्वीं हिशेबास लागली होती.

येथवर वाड्याची बाजू मांडली. पण टीकाकारानें वकील होऊं नये. ज्या चौकाचें आपण एवढें कौतुक करितों, तो कोणासाठीं मोकळा होता? दिंडीच्या आंत कोणी यावें, देवडीपर्यंत कोणी थांबावें आणि कोणाची सांवलीहि नको, याचे नियम त्या वास्तूच्या वळणावळणांत कोरलेले आहेत. देवडीचें तें वळण वास्तुकलेच्या दृष्टीनें सुंदर खरें. परंतु माणसांची प्रतवारी करण्याचेंहि तें एक यंत्र होतें. मागल्या अंधाऱ्या माजघरांत स्त्रियांचें आयुष्य धुरांत गेलें. नवविवाहित जोडप्यास स्वतःचें म्हणावें असें दार त्या प्रशस्त घरांत सांपडत नसे. एका नळावर सहा बिऱ्हाडें आणि परसाच्या टोकाला एक शौचकूप, हा वांटलेल्या वाड्याचा नित्याचा अनुभव. त्याचें काव्य करणारे बहुधा ते पुरुष, ज्यांना पाणी भरावें लागलें नाहीं. तेव्हां चारशें चौरस फुटांचा कां होईना, ज्याला आंतून कडी लावतां येते आणि ज्याच्या कागदावर आपलें नांव चढूं शकतें, असा ब्लॉक मिळाल्यावर एकाद्या सुनेनें जो सुस्कारा टाकला असेल, तो खोटा म्हणण्याचा अधिकार वास्तुकलेच्या कोणाहि रसिकास नाहीं.

म्हणूनच नव्या इमारतींचें परीक्षण त्यांनीं काय दिलें हें मान्य करून करावयास हवें. पाणी दिलें, उजेड दिला, दार दिलें. परंतु पाटीवर 'वाडा' लिहिलेल्या इमारतीच्या फाटकांतून आंत गेल्यावर काय दिसतें? जेथें चौक असावयाचा तेथें खांबांच्या जंगलांत मोटारी आणि दुचाक्या उभ्या आहेत. खांब आहेत, खणहि आहेत. पण खणाचें माप आतां आडव्या होणाऱ्या माणसाचें नसून मोटारीचें आहे. तेथून एक अरुंद जिना व एक लिफ्ट. मजल्यावर चार दारें समोरासमोर, आणि मध्यें दोन माणसें चुकवून जाऊं शकतील एवढी जागा, जेथें कोणी उभें राहत नाहीं, कारण उभें राहावें असें तेथें कांहीं नाहीं. पाऊस तेथें पडत नाहीं, चंद्र तेथें दिसत नाहीं. ओटी व ओसरी, म्हणजे पूर्ण घरांत नाहीं व पूर्ण रस्त्यावरहि नाहीं अशी जी मधली जागा वाड्यानें मोठ्या शहाणपणानें निर्माण केली होती, ती या आराखड्यांतून समूळ गेली आहे. आराखडा काढणाऱ्यास तिचा दर लावतां येत नाहीं. विक्रीच्या चौरस फुटांत ती बसत नाहीं. भिंतीवर महिरपीचा गिलावा, दारावर पितळी कड्या आणि लिफ्टशेजारीं सुरूच्या आकाराचा सिमेंटचा खांब, एवढ्यावर वाड्याचें देणें फेडल्याचा जो आव आणला जातो, तो मात्र सहन होत नाहीं. नुसती साधी इमारत बांधली असती तर तिला कोणी नांवें ठेविलीं नसतीं.

गांवांत ज्या दोन जुन्या वास्तूंकडे पाहुण्यास नेतात, त्यांची गत निराळी. मंगलमूर्तींचा वाडा देवस्थानाच्या वापरांत आहे. तेथें अजून दिवा लागतो, नैवेद्य होतो, माणसें पायरीवर बसतात. चापेकर बंधूंचा वाडा स्मारकरूपानें नव्यानें उभारला आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें घडलें, त्याची आठवण ठेवण्यास तें योग्यच झालें. परंतु एका गांवांत असलेल्या वाड्यांचे भाग तीनच करावयाचे का, एक देवाचा, एक हुतात्म्यांचा आणि बाकीचे बुलडोझरचे? ज्यांत साधीं माणसें राहत होतीं आणि पुढेंहि राहूं शकलीं असतीं, अशा वाड्याला या वांटणींत जागाच ठेविलेली नाहीं.

हॉलंडनें लंडनमध्यें जें केलें, तें चिंचवडांत करण्यास फार मोठ्या प्रतिभेची गरज नाहीं. बहुतेक जुन्या वाड्यांस मागें परस आहे, किंवा होता. विहीर, गोठा, केळी, शेवगा आणि न्हाणीचें पाणी जिरण्याची जागा. दिंडी, देवडी, पहिला चौक आणि त्याभोंवतालचे सोपे तसेच ठेवून तीनचार मजल्यांची नवी बिऱ्हाडें त्या परसांत उभीं करितां येतील. नळ, शौचकूप, स्वयंपाकघर हें सारें नव्या अंगांत, आणि जाण्यायेण्याची वाट जुन्या चौकांतून. मालकास कांहीं खण कमी मिळतील, हें खरें. बांधणाऱ्याचा नफा घटेल, हेंहि खरें. त्याची भरपाई करण्याचा अधिकार महानगरपालिकेच्या नियमांत आणतां येतो; वारसावास्तूच्या मालकास दुसरीकडे वाढीव बांधकामाचा हक्क देण्याची पद्धत मुंबईनें कधींच स्वीकारली आहे. प्रश्न एवढाच कीं, हा प्रयोग करावयाचा तर तो लवकर करावा लागेल. चौक पाडून त्याजागीं पुन्हां चौक बांधतां येत नाहीं असें नाहीं. पण सागाचा दीडशें वर्षांचा खांब एकदां जुन्या लांकडाच्या वखारींत गेला, कीं त्याचीं टेबलें होतात, आणि तीं चाकणच्या वाटेवरील हॉटेलांत लोकांना फार आवडतात.